लग्न की सिव्हिल पार्टनरशिप? वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

समलिंगी जोडप्यांच्या लग्नाविषयी आणि सिव्हिल पार्टनरशिपविषयी (लग्न न म्हणता सरकारदरबारी नोंदवलेलं, जवळजवळ लग्नाइतकेच हक्क देणारं नातं) आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बरीचशी ब्रिटनमधल्या मराठी वाचकांची आहेत, दोन भारतातली. उत्तरांत 'इंग्लंड' म्हटलं की इंग्लंड आणि वेल्स समजावं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. सरकारी शुल्कं बदलत राहतात, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच चालू आकडा विचारून घ्यावा.

मी मूळची नाशिकची, माझी जोडीदार लेस्टरचीच. आम्ही सहा वर्षं एकत्र राहतो. सगळे म्हणतात लग्न काय आणि सिव्हिल पार्टनरशिप काय, एकच. मग दोन कायदे कशाला? आणि आम्ही कोणतं निवडावं? – एक वाचक, लेस्टर

दोन कायदे आहेत कारण ते एकामागून एक आले. सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा २००४ चा, तो डिसेंबर २००५ पासून लागू झाला. समलिंगी जोडप्यांना हक्क द्यायला तेव्हाची संसद तयार होती, पण 'लग्न' हा शब्द द्यायला तयार नव्हती. तो शब्द २०१३ च्या कायद्याने मिळाला आणि पहिली लग्नं २९ मार्च २०१४ ला लागली. त्यानंतर जुनी व्यवस्था मोडीत निघेल असं अनेकांना वाटत होतं. झालं उलटंच. स्त्री-पुरुष जोडप्यांनीही ती मागितली, जून २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ३१ डिसेंबर २०१९ पासून ती सर्वांना खुली झाली.

इंग्लंडच्या हद्दीत हक्कांचं पारडं जवळजवळ समसमान आहे. जोडीदाराला दिलेल्या किंवा त्याच्यासाठी मागे ठेवलेल्या मालमत्तेवर एरवी वारसा कर लागत नाही. मात्र जोडीदार ब्रिटनचा दीर्घकालीन रहिवासी नसेल तर या सवलतीवर मर्यादा येते. नुकत्याच आलेल्या जोडीदाराच्या बाबतीत हे तपासायलाच हवं. मृत्युपत्र नसेल आणि मुलं नसतील तर सगळं जोडीदाराला जातं; मुलं असतील तर घरातल्या वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातला अर्धा भाग. एकाचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर तो आपल्या सवलतीतले १,२६० पौंड दुसऱ्याच्या नावावर टाकू शकतो, म्हणजे वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला नागरिकत्वासाठी पाचऐवजी तीन वर्षांचं वास्तव्य हा नियमही दोन्हींत सारखाच.

तुम्ही दोघी आहात म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो. दात्याच्या बीजापासून मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या उपचाराआधी नोंदणी झालेली असू द्या. लग्न असो वा सिव्हिल पार्टनरशिप, ती आधी झाली असेल आणि जोडीदाराची संमती असेल, तर गर्भ न वाहिलेली आईदेखील कायद्याने आपोआप आई ठरते. नोंदणी नसताना घरच्या घरी प्रयत्न केला तर असं होत नाही. मग स्वतःच्या घरात वाढणाऱ्या मुलाला तिला दत्तक घ्यावं लागतं. एका तारखेच्या मागेपुढे होण्याने हे घडतं.

आता फरक. लग्न शब्दांनी लागतं: रजिस्ट्रार आणि दोन साक्षीदारांसमोर ठरावीक वाक्यं दोघींनी मोठ्याने म्हणावी लागतात, आणि ती इंग्रजीतच (वेल्समध्ये वेल्शही चालते). मराठीत शपथ घ्यायची असेल तर ती वरून, जादा. सिव्हिल पार्टनरशिप सहीने होते. एक शब्दही न बोलता दोघींनी साक्षीदारांसमोर कागदावर सही केली की झालं. ज्यांना समारंभ नकोच असतो, त्यांना हे आवडतं.

धर्माचा भाग दुसरा. सिव्हिल पार्टनरशिपच्या नोंदणीत धार्मिक विधी चालत नाही. रजिस्टर ऑफिसातल्या नागरी लग्नातही चालत नाही, म्हणून मंगलाष्टकं आणि सप्तपदी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी ठेवा. धार्मिक संस्थेत समलिंगी लग्न लागू शकतं, पण त्या संस्थेने स्वखुशीने संमती दिली असेल आणि ती वास्तू त्यासाठी नोंदवलेली असेल तरच. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ते कायद्यानेच होत नाही.

पूर्वी व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण होतं, सिव्हिल पार्टनरशिप मोडण्याचं नव्हतं. ६ एप्रिल २०२२ पासून दोन्हीकडे दोषारोपच संपले. नोंदणीला एक वर्ष झाल्यावर अर्ज, अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवड्यांनी सशर्त आदेश, त्यानंतर ६ आठवड्यांनी अंतिम आदेश.

खरा फरक विमानात बसल्यावर सुरू होतो. ज्या देशात समलिंगी लग्न मान्य आहे तिथे तुमचं लग्न सहसा लग्न म्हणूनच ओळखलं जातं. सिव्हिल पार्टनरशिपचं तसं नाही; काही देशांत तिच्यासारखा दर्जाच नसतो, मग अधिकारी तुम्हाला अविवाहित धरतात. आयुष्य लेस्टरमध्येच काढायचं असेल तर मनाला पटेल ते करा. नोकरीनिमित्त देश बदलण्याची जराही शक्यता असेल तर लग्न करा, असं आम्ही स्पष्टपणे सांगू.

मी पुण्याहून स्टुडंट व्हिसावर आलो आहे, जोडीदार ब्रिटिश आहे. दोन महिन्यांनी लग्न करायचं म्हणतोय. नोटीस म्हणजे नेमकं काय करायचं? घरी अजून सांगितलेलं नाही. – एक वाचक, बर्मिंगहॅम

दोन महिने कमी पडू शकतात, त्यामुळे हॉलचे पैसे आत्ताच भरू नका.

लग्न असो की सिव्हिल पार्टनरशिप, आधी नोटीस, म्हणजे आपल्या इराद्याची रजिस्टर ऑफिसात औपचारिक सूचना, द्यावी लागते. दोघंही ब्रिटिश असते तर प्रत्येकाने आपापल्या भागातल्या रजिस्टर ऑफिसात दिली असती. तुम्ही व्हिसावर आहात म्हणून दोघांनी मिळून, एकाच वेळी, या कामासाठी नेमलेल्या ठरावीक ऑफिसातच जायचं. जवळचं कोणतंही चालत नाही. त्याआधी दोघांचं इंग्लंडमध्ये आपापल्या पत्त्यावर किमान सात पूर्ण दिवस वास्तव्य हवं. सुट्टीत पुण्याला जाऊन आलात तर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊ नका. शुल्क एरवी माणशी ४२ पौंड, तुमच्यासारख्या प्रकरणात ५७.

नोटीस दिल्यावर २८ पूर्ण दिवस थांबायचं. मात्र तुमची माहिती गृहखात्याकडे जाते, आणि त्यांनी चौकशी करायची ठरवली तर २८ चे ७० दिवस होतात. त्या काळात मुलाखतीला बोलावलं आणि गेला नाहीत, किंवा मागितलेले कागद दिले नाहीत, तर लग्नच अडतं. ७० दिवस धरूनच तारीख ठरवा. मंजुरी मिळाली की नोटीस दिल्यापासून १२ महिने ती चालते, पण ठरलेल्या जागेपुरतीच. जागा बदलली तर नोटीस नव्याने द्यावी लागते, शुल्कही नव्याने.

कागद नेताना सगळे मूळ न्या: पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड, दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पत्त्याचा पुरावा. पुराव्याच्या तारखेवर सर्वांत जास्त माणसं परत पाठवली जातात. बँक स्टेटमेंट गेल्या एका महिन्यातलं लागतं, वीज-गॅस-पाण्याचं बिल तीन महिन्यांतलं, काउन्सिल टॅक्सचं बिल बारा महिन्यांतलं. विद्यार्थ्यांकडे यातलं बहुधा काहीच नसतं. तुमच्या नावाचा चालू भाडेकरार असेल तर तो न्या. आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा मूळ हुकूमनामा लागतो, आणि तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. भारतातला घटस्फोट तपासायला जादा वेळ आणि जादा शुल्क लागतं, हे विसरू नका. वडिलांचं नाव मधे असलेली आपली नावं इथे गोंधळ घालतात. पासपोर्टवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच प्रत्येक फॉर्मवर लिहा.

घरी सांगितलं नाही म्हणता, म्हणून हे कळवणं गरजेचं आहे: नोटीस जाहीर असते. ते २८ दिवस ती रजिस्टर ऑफिसात फलकावर किंवा पडद्यावर लावलेली असते आणि कुणीही जाऊन वाचू शकतं. घरी पत्र जात नाही, भारतीय दूतावासालाही कळवलं जात नाही. पण बर्मिंगहॅमात नातेवाईक असतील तर ही शक्यता लक्षात घेऊनच दिवस ठरवा. कुणाकडून धाक असेल तर अपॉइंटमेंटच्या वेळी रजिस्ट्रारला खाजगीत सांगा.

पुढचा टप्पा व्हिसाचा. स्टुडंट व्हिसावरून जोडीदाराच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये राहूनच जाता येतं. तो आधी ३० महिन्यांचा मिळतो. उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंडांची आहे, आणि केवळ बचतीवर दाखवायचं तर ८८,५०० पौंड लागतात. साध्या पर्यटक व्हिसावर येऊन मात्र लग्नही करता येत नाही आणि नोटीसही देता येत नाही. त्यासाठी लग्नापुरता सहा महिन्यांचा वेगळा व्हिसा आहे. त्यावर राहून पुढचा व्हिसा मिळत नाही, परत जावं लागतं.

आमची सिव्हिल पार्टनरशिप २००७ ची आहे. आता तिचं लग्नात रूपांतर करावं का? पेन्शनवर परिणाम होईल का? २००३ मध्ये केलेली मृत्युपत्रं आहेत. – दोन वाचक, हॅरो

आधी मृत्युपत्रं बाहेर काढा. तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट तीच आहे.

इंग्लंडच्या कायद्याने लग्न केल्यावर किंवा सिव्हिल पार्टनरशिप केल्यावर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. अमुक व्यक्तीशी पार्टनरशिप होणार आहे हे गृहीत धरून ते केलं आहे असं त्यातच लिहिलेलं असेल तरच ते टिकतं, आणि २००३ मध्ये असं कोण लिहिणार? म्हणजे २००७ पासून तुमच्याकडे मृत्युपत्र नाही असंच समजा. तुमच्या पिढीतल्या अनेकांनी कायदा आपल्याला काही देत नाही म्हणून जाणीवपूर्वक मृत्युपत्रं केली, आणि पुढे ज्या दिवशी पार्टनरशिप नोंदवून हक्क मिळवले त्याच दिवशी ती रद्द झाली. कपाटात असल्यामुळे कुणाला कळलंही नाही. बहिणीला, भाच्याला, एखाद्या संस्थेला काही ठेवलं असेल तर ते नव्याने लिहा.

रूपांतर सोपं आहे. रजिस्टर ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन दोघांनी ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि २००७ चं प्रमाणपत्र न्यायचं, घोषणापत्रावर सही करायची. नोटीस नाही, २८ दिवस नाहीत. नव्या प्रमाणपत्राने तुमचं लग्न २००७ च्या त्या तारखेपासूनच झालेलं मानलं जातं. रूपांतराने मृत्युपत्र रद्द होत नाही, त्यामुळे आज नवं केलंत तर ते टिकेल. उलटी वाट नाही: लग्नाची सिव्हिल पार्टनरशिप होत नाही.

पेन्शनचा प्रश्न जुलै २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटला. त्याआधी काही योजना मागे राहिलेल्या समलिंगी जोडीदाराचं पेन्शन मोजताना डिसेंबर २००५ नंतरचीच नोकरी धरत. वीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा जोडीदार वर्षाला काहीशे पौंडांवर यायचा. आता पूर्ण नोकरी धरावी लागते, लग्न असो की पार्टनरशिप. तरी तुमच्या पेन्शन योजनेकडे जोडीदाराचं नाव आणि प्रमाणपत्राची प्रत पोचली आहे का, हे लेखी विचारा.

तुम्हाला कुठे परदेशी स्थायिक व्हायचं नसेल तर रूपांतराची सक्ती काहीच नाही. 'नवरा' हा शब्द कागदावर हवा असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

आम्ही स्त्री-पुरुष जोडपं आहोत. लग्नसंस्था आम्हाला मान्य नाही, म्हणून सिव्हिल पार्टनरशिप करणार आहोत. तीन वर्षांनी पुण्याला परतू. – एक वाचक, मँचेस्टर

परतणार असाल तर थोडं थांबा. भारताच्या कायद्यात सिव्हिल पार्टनरशिप हा दर्जा नाही. पुण्यात तुम्ही पती-पत्नी म्हणून वारसा, विमा किंवा कुटुंब-पेन्शन मागायला गेलात तर हे प्रमाणपत्र पुढे करून भागणार नाही, आणि स्त्री-पुरुष जोडप्याला ते इंग्लंडमध्ये लग्नात बदलूनही मिळत नाही.

तुमचा आक्षेप कन्यादानाला, मंगळसूत्राला असेल तर तो आम्हाला समजतो. पण विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये यातलं काहीच नाही: ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, एक घोषणा, सही. तुमच्यापैकी एक जण भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली ब्रिटनमधूनही भारतीय वकिलातीमार्फत लग्न नोंदवता येतं. नावाला विरोध ठेवून कायदेशीर सुरक्षा गमावू नका.

कंपनी मला न्यू जर्सीला पाठवते आहे. माझ्या सिव्हिल पार्टनरला डिपेंडंट व्हिसा मिळेल का? दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत. – एक वाचक, रेडिंग

सिव्हिल पार्टनर म्हणून मिळणार नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं लग्नच मानतं. सिव्हिल युनियन, डोमेस्टिक पार्टनरशिप यांना एच-४ किंवा एल-२ (नोकरीसाठी जाणाऱ्याच्या कुटुंबाचे डिपेंडंट व्हिसा) साठी जोडीदाराचा दर्जा देत नाही. लग्न जिथे झालं तिथे वैध असलं की पुरे, त्यामुळे तुमचा देश ते मानत नाही याने अडत नाही. तुमची पार्टनरशिप इंग्लंडमध्येच नोंदवलेली असेल तर व्हिसाचा फॉर्म भरण्याआधी तिचं रूपांतर करून घ्या आणि नव्या प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. ते शक्यच नसेल तर एकत्र राहणाऱ्या जोडीदारासाठी पर्यटक व्हिसाची एक तरतूद आहे, पण त्यावर नोकरी करता येत नाही.

मी म्हापशाचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आहे. मित्राशी लग्न केलं तर लिस्बनला कळवावं लागतं का? गोव्यात नोंद होईल का? – एक वाचक, स्विंडन

कळवावं लागतं. पोर्तुगालने समलिंगी लग्न ५ जून २०१० पासून मान्य केलं आहे, आणि नागरिकाची वैवाहिक स्थिती तिथल्या नागरी नोंदीत उतरावी लागते. इंग्लंडमधलं लग्न पोर्तुगीज वकिलातीमार्फत नोंदवून घ्या. लिस्बनला उतरवलेल्या जन्मनोंदीतलं नाव आणि इंग्लंडच्या प्रमाणपत्रातलं नाव यांत एका अक्षराचाही फरक राहू देऊ नका. सिव्हिल पार्टनरशिपचा विचार असेल तर तो सोडा. पोर्तुगालमध्ये तसा दर्जा नाही. लग्न आहे, आणि दोन वर्षं एकत्र राहिल्यावर मानलं जाणारं सहजीवन आहे.

गोव्यात नोंद होणार नाही. गोव्याचा कौटुंबिक कायदा पोर्तुगीज वारशातला असला तरी तो १८६७ च्या संहितेवर उभा आहे, आजच्या लिस्बनच्या कायद्यावर नाही. गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता अर्धी-अर्धी सामाईक होते, तो नियमही तुम्हाला लागणार नाही.

माझ्या मुलीने लंडनमध्ये एका ब्रिटिश मुलीशी रजिस्टर लग्न केलं. आम्ही दोघांनी मनापासून स्वीकारलं आहे. दिवाळीत त्या घरी येतील. इथे काही विधी केला तर गुन्हा होतो का? या लग्नाला भारतात काय किंमत आहे? – एक आई, कोल्हापूर

ताई, गुन्हा अजिबात होत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दोन सज्ञान व्यक्तींच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का गेला. तुम्ही घरी पूजा करा, ओवाळा, कार्यालय घेऊन जेवणावळ घाला, भटजी तयार असतील तर अंतरपाटही धरा. फक्त त्या लग्नाची नोंदणी इथे होणार नाही.

कायद्याची बाजू अशी. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना न्यायालय बसवू शकत नाही. ते संसदेचं काम. यावर पाचही जण एकमत होते. लग्नाखेरीज 'युनियन'चा दर्जा द्यावा का, म्हणजे ब्रिटनमधल्या सिव्हिल पार्टनरशिपसारखा म्हणा, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल तो दर्जा मानण्याच्या बाजूने होते, अल्पमतात राहिले. फेरविचाराची मागणी जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं; त्याचा कायदा झाला नाही. आमच्या मते तो बदल व्हायलाच हवा. जी लेक लंडनमध्ये पत्नी आहे, ती कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरताच कागदोपत्री परकी होते, याला न्याय म्हणता येत नाही.

आज व्यवहारात काय होतं ते पाहू. तुमच्या सुनेला, किंवा दुसऱ्या लेकीला, काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, भारताच्या व्हिसासाठी ती 'पत्नी' धरली जात नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला लग्न नोंदवून दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची कायमची परवानगी) मिळतं, ती वाट समलिंगी जोडप्यांसाठी खुली नाही. दिवाळीसाठी तिने सरळ ई-टुरिस्ट व्हिसा काढावा आणि वेळेत काढावा.

मुलीने कोल्हापुरात स्वतःच्या पैशाने फ्लॅट किंवा जागा घेतली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात तिच्या पत्नीला जागा नाही. मूल नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर ती मालमत्ता तुम्हा आईवडिलांकडे येईल. तुमची ती इच्छा नसेल हे पत्रावरून कळतंच. म्हणून मुलीने इथल्या मालमत्तेपुरतं वेगळं भारतीय मृत्युपत्र करावं. ब्रिटनमध्येही ती एक मृत्युपत्र करेल. त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते' हे ठरावीक वाक्य असतं आणि त्याने इथलं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं. दोन्हीत 'हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेबद्दल' असं स्पष्ट लिहून घ्यावं.

आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो. फ्लॅट एकाच्या नावावर आहे. थायलंडला किंवा लंडनला जाऊन लग्न करून आलो तर इथे काही फायदा होईल का? – एक वाचक, डोंबिवली

मनाला समाधान मिळेल, आणि ते लहान नाही. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्न होतं. पण ते प्रमाणपत्र इथल्या सोसायटीत, बँकेत, आयकर खात्यात चालणार नाही. आणि नातं तुटलं तर इथलं कुटुंब न्यायालय घटस्फोट देणार नाही, कारण त्याच्या लेखी लग्नच नाही. इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नाबाबत, दुसरीकडे सोय नसलेल्या समलिंगी जोडप्यांचा अर्ज न्यायासाठी गरज असेल तर तिथलं न्यायालय घेऊ शकतं, पण खर्च पौंडांत होईल. विमानाच्या तिकिटाआधी पुढचे कागद करा.

फ्लॅट. दुसऱ्याचं नाव आज बक्षीसपत्राने घालायला जाऊ नका. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुम्ही त्या यादीत नाही, म्हणून विक्रीखतासारखं पूर्ण शुल्क लागेल. शिवाय नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीची भेट मिळाली तर घेणाऱ्याला आयकर लागतो, आणि कायद्याच्या यादीत जोडीदार म्हणजे फक्त पती-पत्नी. हा भेदभाव आहे म्हणून एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर मात्र हा कर लागत नाही. पुढचं घर घ्याल तेव्हा करारनाम्यातच दोघांची नावं आणि कुणाचा किती टक्के वाटा ते घाला, आणि आपापला हिस्सा आपापल्या खात्यातून भरा.

मृत्युपत्र. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांनीही सही करायला हवी. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला साक्षीदार करू नका. तुमच्याहून वयाने लहान, सहज सापडतील अशी माणसं घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे, तरी तुमच्यासारख्यांनी ती करावीच. सख्खे नातेवाईक मृत्युपत्राला आव्हान देतात ते बहुतेकदा 'त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं' आणि 'त्याच्याकडून लिहून घेतलं' या दोन मुद्द्यांवर. म्हणून त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, आणि भावाबहिणींना का वगळलं ते दोन शांत वाक्यांत लिहा. शिव्या लिहू नका.

नामनिर्देशन. सोसायटीत जोडीदाराला नॉमिनी जरूर करा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; वारस ठरेपर्यंतचा विश्वस्त. नॉमिनेशन आहे म्हणून मृत्युपत्र टाळणारी माणसं इथेच फसतात. सोसायटी जोडीदाराला तात्पुरता सदस्य करते, आणि वर्षभराने गावाकडचा पुतण्या वारस म्हणून दारात उभा राहतो. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला वारस एकच माणूस ठेवा.

बँक. २८ ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या पत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेत नकार मिळाला तर त्या पत्रकाची प्रत दाखवा आणि नकार लेखी मागा. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावं, असं केंद्राने राज्यांना कळवलं आहे.

दवाखाना. एकमेकांच्या नावे वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र नोटरी करून ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याने कोणाही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून प्रतिनिधी नेमता येतो. तिथे नात्याची अट नाही. लक्षात ठेवा, अधिकारपत्र मृत्यूच्या क्षणी संपतं. पार्थिव कुणी ताब्यात घ्यायचं यासाठी आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना लिहिलं आहे की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला ते द्यावं. नातेवाईक उपलब्ध असून विरोधात असतील तर त्या पत्राचा उपयोग होत नाही. म्हणून अंत्यविधी कुणाच्या हातून व्हावा हे वेगळ्या कागदावर लिहा, सही करा, आणि तुमच्या बाजूने बोलेल अशा एका तरी नातेवाइकाकडे त्याची प्रत आजच देऊन ठेवा.